होसकोट्याच्या अक्कांची तब्येत

रविवार, ११ ऑगस्ट २०२४. संध्याकाळी ७

गाडी घेतली. लाल. दोन सीटची. चौदा वर्षं जुनी, पण वाटत नाही. (मीही त्रेचाळीसचा वाटत नाही.) आधीचा मालक दातांचा डॉक्टर. बायकोने विकायला लावली म्हणे. किल्ली देताना बिचारा बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मला कीव आली. नवरा-बायकोत मोकळेपणा हवा.

भव्याला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. तिच्यापासून मी कधीच काही लपवलेलं नाही, त्यामुळे सवय नाही आणि जरा जड जातंय. आमच्या बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगची जागा एकच, तिथे घरची पाच सीटची गाडी. म्हणून ही सध्या शहराबाहेर होसकोट्याला, वेणुगोपाल मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये राहील.

ही डायरी कंपनीने वाटलेली. वेलनेस वेबिनारमधल्या बाई म्हणाल्या होत्या, मनाला टोचणी लागली की लिहून काढावं, हलकं वाटतं. मला टोचणी वगैरे काही नाही. सुरुवात करून ठेवतो, इतकंच.

संकल्प: येत्या रविवारच्या आत भव्याला सांगणे. गाडी आहे तशी ठेवणे, एक स्क्रूही बदलायचा नाही. ताशी ऐंशीच्या वर जायचं नाही.

मंगळवार, १३ ऑगस्ट

नाही सांगितलं. तिचं डोकं दुखत होतं.

बुधवार, १४ ऑगस्ट

डोकं थांबलं. उगाच परत कशाला दुखवायचं.

गुरुवार, १५ ऑगस्ट. दुपारी ३

सुटी. जेवताना अण्णांनी विषय काढला. अण्णा म्हणजे माझे सासरे, विठ्ठलराव. दोन्ही गुडघे बदलल्यापासून मल्लेश्वरमचं घर बंद करून आमच्याकडे असतात. त्यांची थोरली बहीण सकवारबाई, म्हणजे अक्का, होसकोट्याला मुलाकडे असते. सहा वर्षं दोघांचं बोलणं नाही. एका मुंजीत चाळीस माणसांच्या पंगतीत अण्णा तिला म्हणाले होते, अक्का, तुला ऐकू येत नाही तर मधे बोलू नको. अक्का भरल्या पानावरून उठल्या त्या उठल्याच. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. मुलगा अनिलकुमार मामाचा फोन उचलत नाही. घर पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि अण्णांचे गुडघे नवे कोरे.

अण्णा भातात ताक कालवत म्हणाले, एक्याऐंशीची झाली अक्का. मला जाऊन पाय धरायचे होते, तर माझेच पाय राहिले नाहीत. आता माझ्या वतीने कोण जाणार होसकोट्याला?

होसकोट्याला! माझ्या तोंडून निघून गेलं, मी जातो ना. दर रविवारी जाईन.

अण्णांनी ताकाचा हात पंच्याला पुसून माझा हात धरला. भव्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतरचं पहिलं वर्षभर पाहायची. फार बरं वाटलं. आणि यात खोटं एक अक्षर नाही. होसकोट्याला मी जाणारच आहे. वेळ मिळाला की अक्कांकडेही डोकावेन. एका दगडात दोन पक्षी.

रविवार, १८ ऑगस्ट

पहिला रविवार. भव्याने काल चकल्या तळल्या, अण्णांनी पुडक्यावर नाव-पत्ता घातला, वर मराठीत, खाली कन्नडात. मी म्हटलं अण्णा, मी हातानेच देणार आहे. म्हणाले, असू दे, तिला माझं अक्षर दिसेल.

आधी गॅरेज. वेणुगोपाल सज्जन माणूस. माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. मी त्याला थांबवलं. अकरा वर्षं बेंगळुरूत काढली आहेत, कन्नडच बोलायचं म्हटलं. हे परप्रांतीय लोक येतात आणि हिंदी रेटतात, मला ते पटत नाही. मला स्वल्प, सरी, बेकु, बेडा, तुंबा एवढं सगळं येतं, आणि उरलेलं मराठीवरून लागतं. एक-दोनदा चक्कर मारून झाल्यावर वेणुगोपाल ब्रेककडे बोट दाखवून म्हणाला, ब्रेक हळू… आगिदे, असं काहीतरी. बघा! मी मराठी आहे हे ओळखून त्याने खास एक मराठी शब्द वापरला. ब्रेक हळू दाबा. अगदी खरं आहे, मी जरा कचकन दाबतो. म्हटलं सरी, सरी, म्हणजे ठीक, ठीक.

अक्कांची गल्ली बसस्टँडच्या मागे आहे. पण बारा वाजले. म्हाताऱ्या माणसांची जेवणाची वेळ. अशा वेळी जाणं शिष्टाचाराला धरून नाही.

घरी सांगितलं, झोपल्या होत्या. (झोपल्या असणारच.) चकल्या? ठेवून आलो म्हटलं. मी सहा खाल्ल्या, वेणुगोपालने नऊ. खुसखुशीत होत्या.

रविवार, २५ ऑगस्ट

एअर फिल्टर बदलला. हा बदल नव्हे, देखभाल आहे.

अण्णा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. भेटली? भेटल्या. कशी आहे? माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी एकच गोष्ट होती, तीच बोललो. म्हटलं, श्वासाला जरा त्रास होत होता अण्णा, आता मोकळं झालंय. छान धावते… छान चालतात. अण्णांनी डोळे मिटून देवाला हात जोडले.

टोचणी लागली. लिहून काढलं. बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

रविवार, १ सप्टेंबर

नवा सायलेन्सर बसवला. मोठा. स्टार्ट केली तर शेजारच्या टायरवाल्याचं कुत्रं गल्ली सोडून गेलं. गाडी अधूनमधून फट-फट करते, पण वेणुगोपाल म्हणतो सेट होईल. आणि पुन्हा तेच, ब्रेक हळू. या खेपेला पुढे म्हणाला, चेंज माडबेकु. म्हणजे बदल करायला हवा. हो रे बाबा, करतोय सवयीत बदल.

अण्णांना रिपोर्ट: आवाज खणखणीत झालाय, फक्त खोकला आहे. कोरडा की कफाचा? म्हटलं, कोरडा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर… म्हणजे जिना उतरताना येतो.

सोमवार, २ सप्टेंबर

अण्णा वॉकर घेऊन एकटेच कोपऱ्यावरच्या ग्रंथिगे दुकानात गेले, म्हणजे आपल्याकडचं काष्ठौषधींचं दुकान. ज्येष्ठमध आणला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढं चालले. भव्या रात्री म्हणाली, तुझ्यामुळे ते उभे राहिले रे.

आता कसं सांगणार गाडीचं? तिच्याच आनंदावर पाणी पडेल.

रविवार, ८ सप्टेंबर

काल गणपती बसले. आज अक्कांसाठी एकवीस मोदक. ते मात्र द्यायचेच असं ठरवून निघालो. पण आधी सस्पेन्शनचे रबर बदलायचे होते, त्यात दोन तास गेले, आणि मोदक गार झालेले म्हाताऱ्या माणसाला देणं बरं दिसत नाही. गॅरेजमधल्या सगळ्यांनी हात धुऊन भक्तिभावाने खाल्ले. प्रसादच तो, कोणाच्या मुखी गेला याला महत्त्व नाही.

अण्णांना म्हटलं, सांधे कुरकुरत होते, आता बरेच नरम पडलेत. लगेच नारायण तेलाची बाटली आली पुढच्या रविवारसाठी.

गणपतीच्या मूर्तीसमोरून जाताना मान खाली घालतो हल्ली. भव्याला वाटतं नमस्कार करतोय.

रविवार, १५ सप्टेंबर

आज गफलत झाली. गाडीच्या दोन्ही सीट्स काढून रेसिंगची एकेक घट्ट सीट बसवली, वजन किती उतरलं तेच डोक्यात होतं. अण्णांनी विचारलं, अंगाने कशी आहे? म्हटलं, अठरा किलो कमी झालं.

भव्याच्या हातातली पळी पडली. महिन्याभरात अठरा किलो? डॉक्टरला दाखवलं का? मी म्हटलं, अठराशे ग्रॅम गं. अण्णा रात्री जेवले नाहीत.

संकल्प: वजनाचा विषय काढायचा नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

वेणुगोपाल आज चाक काढून आतली चकती दाखवायला लागला. तुंबा हळू आगिदे, सार, तुंबा. फार म्हणजे फारच हळू. शिकवण्याची तळमळ आहे माणसाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, गोत्तु, गोत्तु, म्हणजे ठाऊक आहे. त्याने कपाळाला हात लावला. माझ्या कन्नडचं कौतुक असावं. मग मी ट्रॅकचे टायर सांगितले आणि बॉनेटवर पांढरा पट्टा.

होसकोट्याच्या पुढे एका उद्योगपतीने स्वतःसाठी छोटा ट्रॅक बांधलाय, कधीमधी आमच्यासारख्यांना देतो. सत्तावीस ऑक्टोबरला नाव घातलं. एकदा, फक्त एकदाच. मग भव्याला सगळं सांगून टाकायचं आणि गाडी आहे तशी ठेवायची.

रविवार, ६ ऑक्टोबर

हे लिहायला नको होतं, पण लिहितो.

येताना सरळ अक्कांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. मागे नारायण तेल, ज्येष्ठमध, एक लोकरी मफलर, चकल्यांचा दुसरा डबा, सगळी पुडकी पडून. वर गॅलरीत अक्का उभ्या होत्या. कठड्यावर हात ठेवून रस्त्याकडे पाहत होत्या. ठेंगणी, गोरी, कपाळावर बुक्का. माझ्या मनात त्या कधीच्या लाल आणि बुटक्या झाल्या होत्या, त्यामुळे एकदम ओळखूच आल्या नाहीत.

माझे हात ग्रीसने काळे होते. अशा हातांनी कोणाच्या घरी जाऊ नये. मी सीटमध्ये खाली सरकलो आणि हळूच निघालो. सायलेन्सरचा आवाज एवढा मोठा की हळूच निघता येत नाही. तरी त्यांना ऐकू आला नाही. त्याचंच वाईट वाटलं.

घरी सांगितलं, गॅलरीत उभ्या होत्या. दोन महिन्यांतलं पहिलं खरं वाक्य. अण्णा म्हणाले, सवय तिची. माझी वाट बघायची तशीच, मी शाळेतून येईपर्यंत.

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा

अण्णा सकाळपासून पत्र लिहीत होते. चार कागद फाडले. पाचवा मला वाचून दाखवला, चष्मा काढून, कारण पाठ झालं होतं.

अक्का, पंगतीत बोललो ती चूक माझीच. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे यायचं असतं, पण मला तुझा जिना चढवत नाही. तीन तारखेला तूच ये. प्रणीतराव गाडी घेऊन येतील. आली नाहीस तर मी समजेन तुझ्या मनात काय आहे ते, आणि पुन्हा त्रास देणार नाही. तुझा विठू.

सोबत एक इळकल साडी. भव्याने बांधून दिली. मला म्हणाली, हे तुझ्या हातून होतंय प्रणीत, मी आयुष्यभर विसरणार नाही.

उद्या नक्की. पहिलं काम हेच. गॅरेज नंतर.

रविवार, १३ ऑक्टोबर

गॅरेज वाटेत आधी लागतं, हा काही माझा दोष नाही.

टायर आले होते. बसवून बघेपर्यंत एक वाजला. मग काचेवर पाणी मारायची टाकी फुटली, समोरून सगळं पाणी गळायला लागलं. पत्र सीटच्या मागे सुरक्षित आहे, साडीही. पुढच्या रविवारी देतो. तीन तारखेला अजून तीन आठवडे आहेत.

अण्णा दारात. दिलं? दिलं. वाचलं तिने? आता काय सांगणार, म्हटलं, वाचलं, आणि घळाघळा पाणी आलं हो. अण्णा खुर्चीतून पुढे सरकले. सरी म्हणाली ना? येते म्हणाली?

येते म्हणाल्या.

मला म्हणायचं नव्हतं. निघून गेलं. अण्णा चाळिशीतल्या माणसासारखे उठून आत गेले आणि भव्याला हाका मारायला लागले.

रविवार, २० ऑक्टोबर

पाऊस. होसकोट्यापर्यंत पोचलोच नाही, सिल्क बोर्ड चौकाच्या वाटेला लागलेलं ट्रॅफिक उलट फिरून आमच्या रिंग रोडवर आलं होतं. ट्रॅकवाल्यांचाही मेसेज आला: पावसामुळे सत्तावीस रद्द, आता तीन नोव्हेंबर.

तीन नोव्हेंबर.

रविवार, २७ ऑक्टोबर. दुपारी ४

शांतपणे विचार केला. मॅनेजर म्हणून एकतीस माणसांचं वेळापत्रक मी सांभाळतो, हे एवढं काही अवघड नाही. सकाळी सात ते अकरा ट्रॅक. साडेअकराला अक्कांकडे. पत्र, साडी, तेल, मफलर सगळं एकदमच देईन, भावनेचा परिणाम जास्त होतो. बारा वाजता त्यांना बाजूच्या सीटवर बसवायचं, दीडला घरी. गाडीला बरोबर दोन सीट्स. याला योगायोग म्हणत नाहीत. दारात लाल गाडीतून अक्का उतरताहेत म्हटल्यावर भव्याही गाडीबद्दल काही बोलणार नाही.

वेणुगोपालने आज माझी वाट अडवली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला, ब्रेक, ब्रेक, हळू, हळू, म्हणत. ट्रॅकचं ऐकून घाबरलाय बिचारा. मी त्याला नवे हातमोजे दाखवले.

शनिवार, २ नोव्हेंबर. पाडवा

अण्णांनी केस कापून घेतले. भव्याने होळिगे, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या, केल्या, अक्कांना आपल्या पुरणपोळीपेक्षा त्याच आवडतात म्हणे. पाटाऐवजी खुर्ची मांडायची ठरली, दोघांच्याही सोयीची. अण्णा उजळणी करत होते, अक्काशी समोर तोंड करून, सावकाश बोलायचं, ओरडायचं नाही. ओरडलं की तिला अपमान वाटतो. हे मला सहा वर्षांपूर्वी कळायला पाहिजे होतं, म्हणाले.

मला नीट झोप लागणार नाही असं वाटतं. ट्रॅकमुळे.

रविवार, ३ नोव्हेंबर. भाऊबीज. पहाटे ५

निघतो. भव्या म्हणाली इतक्या लवकर? म्हटलं, अक्कांना तयार व्हायला वेळ लागतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७

डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट बांधलंय.

तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला. हळू दाबला. काही झालं नाही. मग जोरात दाबला. तरी काही झालं नाही. पेडल पार खाली गेलं, गाडी सरळ टायरच्या भिंतीत. माझ्याशिवाय कोणाला लागलं नाही. बॉनेटवरच्या पांढऱ्या पट्ट्याला आता घडी पडलीय.

वेणुगोपाल त्याचा छोटा टेम्पो घेऊन आला. ट्रॅकच्या डॉक्टरने मनगट बांधेपर्यंत त्याने गाडीतलं सगळं सामान टेम्पोत भरलं. रस्त्यात मी त्याला हिंदीत विचारलं, अरे, असं कसं झालं, तू सांगितलंस तसा हळू दाबला होता की! तो टेम्पो बाजूला घेऊन माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, सार, हळू नहीं, हाळु. हाळु मतलब खराब. ब्रेक खराब हो गया, बदलना पड़ेगा, दो महीने से यही बोला मैं. आपने बोला कन्नडा में बोलो.

मग टेम्पो निघाला. मी बाहेर बघत होतो. टेम्पो थांबला तेव्हा लक्षात आलं, बसस्टँडच्या मागची गल्ली. मी म्हटलं इथे कशाला? त्याने पुडक्यावरचा पत्ता दाखवला, खालचा, कन्नडातला. निम्म मने, सार. म्हणजे तुमचं घर. दर रविवारी घरच्या पत्त्याची पुडकी घेऊन येणारा आणि ती गाडीतच विसरून जाणारा माणूस, असं तो मला समजत होता.

बेल वाजवून काही उपयोग नव्हता, तो वर जाऊन अक्कांना घेऊनच आला. त्यांनी मला ओळखलं. वर नेलं, हळद घातलेलं दूध दिलं. स्वल्प बस बा, म्हणाल्या, ऊटा झालं का, म्हणजे जेवण? मी मान हलवली. वेणुगोपालने पुडकी एकेक करून ओळीने मांडली. तेल. ज्येष्ठमध. मफलर. चकल्यांचा दुसरा डबा, आत नुसता चुरा. साडी. आणि पत्र.

त्यांनी भिंग घेऊन पत्र वाचलं. मला वाटतं अर्धा तास लागला. मग विचारलं, तारीख काय घातलीय रे वर? मी बोटांनी दाखवलं, बारा. ऑक्टोबर. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या दारात यायला तुला गाडी फोडावी लागली होय रे, म्हणाल्या. रागाने नाही. मला राग चालला असता.

इळकल पिशवीतच राहू दिली, ती भावाने हातात द्यायची असते. साधी साडी बदलून आल्या. अनिलकुमार दुकानातून धावत आला, आईला अडवायला लागला, तर त्यांनी त्याला म्हटलं, मला काही ऐकू येत नाही. आणि टेम्पोत पुढे बसल्या. मी मागे, सामानात.

घरी पोचायला चार वाजले. अण्णा अकरापासून इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलेले. जेवले नव्हते. अक्का दारातून आत आल्या तसे उठले, वॉकर विसरून. दोघं एकमेकांचे दंड धरून नुसते उभे राहिले. भव्या रडत होती. मीही रडलो. मला क्षणभर वाटलं, शेवट गोड तर झाला, आता कोण काय विचारतंय.

अण्णा समोर तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, अक्का, खोकला कसा आहे?

अक्का म्हणाल्या, कसला खोकला?

सांधे? वजन? श्वास? प्रत्येकाला अक्का नाही, नाही म्हणत गेल्या. विठू, मला काहीही झालेलं नाही रे, आणि हा मुलगा मी आज सहा वर्षांनी बघते आहे.

अण्णा माझ्याकडे वळले. मग ते सगळं कोणाचं होतं, प्रणीतराव?

गाडीचं, मी म्हटलं.

नंतर ओवाळणं झालं. अण्णांनी साडी तबकात ठेवली. होळिगे सगळ्यांनी खाल्ल्या. मलाही वाढल्या.

सोमवार, ४ नोव्हेंबर

भव्या ओरडली नाही. फक्त एकच विचारलं, मोदक कोणी खाल्ले? सांगितलं. ती म्हणाली, ओके, थँक्स फॉर लेटिंग मी नो. तेव्हापासून माझ्याशी इंग्रजीत बोलते आहे. आमच्या एचआरमध्ये इतकं सभ्य कोणी बोलत नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

वेणुगोपालचा फोन. गाडी सुट्या भागांत जाईल. चारही टायर नवे आहेत, त्यांना गिऱ्हाईक आहे. भव्याला लगेच सांगितलं, कोणी विचारायच्या आत. ती म्हणाली, नोटेड.

गाडी गेल्याचं दुःख होईल असं वाटलं होतं. त्या दातांच्या डॉक्टरसारखं हात ठेवून उभं राहायला बॉनेटही उरलेलं नाही. पण दुःख भलत्याच गोष्टीचं होतंय. अण्णा सदरा घालून अकरा ते चार बसले होते, ते पाच तास डोक्यातून जात नाहीत. मी त्या वेळी कुठे कुठे होतो ते तासातासाने आठवतं. मला लाज वाटते. वेबिनारच्या बाई म्हणाल्या होत्या लिहिलं की हलकं वाटतं. नाही वाटत.

अण्णा माझ्याशी चांगलं बोलतात. प्रणीतराव, चहा घ्या. प्रणीतराव, मनगट कसं आहे. फक्त मी काही सांगितलं की बरं म्हणतात आणि थोड्या वेळाने भव्याला तेच विचारतात. काल मी म्हटलं, लिफ्ट चालू झाली. बरं म्हणाले. मग वॉकर घेऊन बाहेर जाऊन बटण दाबून आले.

रविवार, १० नोव्हेंबर. संध्याकाळी ६

बसने होसकोट्याला गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांना फक्त म्हटलं, जाऊन येतो. त्यांनी पुडकं दिलं नाही.

जिना चढलो. एकवीस पायऱ्या आहेत. अक्कांनी उप्पीट केलं होतं. समोर बसून, सावकाश बोललो, ओठ दिसतील असं. दीड तास. खरं सांगायचं तर मजा आली. लहानपणी अण्णा पोहायला शिकताना विहिरीत कसे बुडत होते आणि अक्कांनी वेणी धरायला देऊन कसं बाहेर काढलं ते सांगितलं. निघताना निरोप दिला, विठूला सांग, संक्रांतीला महिनाभर येऊन राहते, माझी खाट मोरीजवळ टाका.

असा निरोप! मी पायात चप्पल घालत होतो, तर म्हणाल्या थांब. कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि माझ्या खिशात घातलं. लागेल तुला, म्हणाल्या. बसमध्ये उघडून पाहिलं, लिहिलं होतं: आला होता. अकरा ते साडेबारा. सकवार.

घरी आल्यावर अण्णांना निरोप सांगितला, खाटेसकट. ते ऐकत होते, पण चेहरा हलत नव्हता. मग चिठ्ठी दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि भव्याकडे दिली, अक्षर अक्काचंच आहे ना, बघ गं.

भव्या चिठ्ठी घेऊन खिडकीशी उजेडात गेली. मी खोलीच्या मधोमध उभा. एकतीस माणसं माझ्या हाताखाली काम करतात. तिने ती एकदा लांबून, एकदा जवळून पाहिली. मग मराठीत म्हणाली, हो अण्णा, आत्याचंच आहे.

अण्णा म्हणाले, मग खाट हलवायला हवी. आणि मी पास झालो म्हणून मला इतका आनंद झाला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसावं लागलं.